वाचकांचे प्रश्न : नाजूक त्वचा आणि दाढीचा साबण

प्रश्न : माझे वय ३४ असून नोकरीमुळे मला रोज दाढी करावी लागते. दाढी करतानाच हनुवटीखाली आणि मानेवर आग होऊ लागते आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी लालसर पुरळ उठून खाज सुटते. डब्यातला तयार फेस, जेल आणि मेन्थॉलयुक्त क्रीम असे तिन्ही प्रकार वापरून झाले. एक मित्र ब्रशने लावायच्या साबणाचा आग्रह धरतो, तर दुसरा म्हणतो की साबणाने त्वचा कोरडी पडते, क्रीमच घ्यावे. ‘संवेदनशील त्वचेसाठी’ असे छापलेले उत्पादन डोळे झाकून घ्यावे का?

उत्तर : आग कधी होते आणि पुरळ कधी उठते, हे आपण वेगवेगळे लिहिलेत हे फार बरे झाले, कारण निवड कशी करायची ते त्यावरूनच ठरते. दाढी करताना लगेच होणारी आग बहुधा त्वचा चिडल्याची खूण असते. केस पुरेसे न भिजता पाते ओढले जाणे, साबणाचा अल्कधर्मी गुण आणि मेन्थॉल ही तिची नेहमीची कारणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठणारी खाजरी पुरळ मात्र एखाद्या घटकाच्या ॲलर्जीची असू शकते आणि तसे असेल, तर तो घटक टाळेपर्यंत कितीही महागडे क्रीम आणले तरी आराम पडणार नाही.

आपल्या दोन्ही मित्रांचे म्हणणे अर्धे-अर्धे खरे आहे. दाढीचा साबण आणि ब्रशने फेसाळणारे क्रीम ही सख्खी भावंडे आहेत : स्टिअरिक आम्लासारख्या मेदाम्लांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडची आणि वडीच्या साबणात बहुधा सोडियम हायड्रॉक्साइडचीही प्रक्रिया करून ती तयार होतात, क्रीममध्ये पाणी जास्त असते, एवढाच मोठा फरक. अशा साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क गुणाचे माप) साधारण ९ ते १० असतो, तर त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, म्हणजे ५ च्या आसपास असतो. निरोगी त्वचा हा फरक थोड्या वेळात भरून काढते. नाजूक त्वचेला जास्त वेळ लागतो आणि रोज दाढी करणाऱ्याच्या त्वचेला तो वेळ पुरेसा मिळतोच असे नाही. म्हणून त्वचा कोरडी पडून ताणल्यासारखी वाटत असेल, तर ब्रशशिवाय नुसते बोटांनी लावायचे क्रीम आधी वापरून पाहावे, असे मी सुचवेन. त्याला फेस फारसा येत नाही आणि रेझर वारंवार धुवावा लागतो, पण त्याचा अल्कधर्मी गुण सहसा कमी असतो.

आता वेष्टनाची मागची बाजू. तिथे माझा पहिला संशय सुगंधावर असतो आणि याबाबत मी आग्रही आहे. ‘पर्फ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ या एका शब्दामागे अनेक रसायने दडलेली असू शकतात. युरोपीय संघाने पूर्वी अशी २६ सुगंधी द्रव्ये नावानिशी छापण्याची सक्ती केली होती आणि २०२३ मध्ये ही यादी वाढवून ८० च्या वर नेली. त्यांतील लिमोनीन आणि लिनालूल ही द्रव्ये हवेशी संयोग पावल्यावर अधिक ॲलर्जीकारक होतात, आणि ती लिंबाच्या सालीच्या किंवा लॅव्हेंडरच्या नैसर्गिक तेलातही असतात, त्यामुळे ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. ‘गंधहीन’ म्हटलेल्या उत्पादनातही मूळचा वास झाकणारा सुगंध असू शकतो. ज्याच्या घटकयादीत सुगंधच नाही, असे उत्पादन शोधावे. त्यानंतर मेथिलआयसोथायझोलिनोन हे ॲलर्जीकारक परिरक्षक (उत्पादन टिकवणारे द्रव्य) यादीत नाही ना, ते पाहावे. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतले मेण, हेही काहींना सोसत नाही. मेन्थॉल त्वचेतील थंडी जाणणारे मज्जातंतू चेतवते. त्याने गारवा वाटतो, पण चिडलेली त्वचा त्यामुळे निवत नाही, म्हणून ते आपण सोडूनच द्यावे. ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा कोणताही ठरलेला निकष नाही. तेव्हा डोळे झाकून काहीही घेऊ नये.

नवे उत्पादन थेट मानेवर लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला त्याचा थोडा फेस दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावा. मात्र तीन-चार मिनिटांत तो धुऊन टाकावा, कारण साबण तसाच ठेवला तर धडधाकट त्वचाही लाल होते आणि निष्कर्ष चुकतो. दाढीपूर्वी दोन-तीन मिनिटे केस कोमट पाण्याने भिजवावेत. भिजलेला केस मऊ होतो आणि पात्याला कमी जोर लागतो. मानेवरचे केस एकाच दिशेने वाढत नाहीत, म्हणून दोन दिवसांच्या खुंटांवरून बोट फिरवून कुठे खरखरते आणि कुठे सरळ सरकते ते पाहावे आणि पाते सरकत्या दिशेनेच चालवावे.

पुरळीच्या पुटकुळीत आत वळलेला केस दिसत असेल, तर दोष साबणाचा नसून फार खोलवर कापल्या गेलेल्या केसाचा असतो. एवढे करूनही खाज राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच चाचणी करून घ्यावी. तिच्यात पाठीवर संशयित घटकांच्या पट्ट्या लावतात, त्या साधारण दोन दिवसांनी काढतात आणि पुढच्या काही दिवसांत त्वचा पुन्हा तपासतात.

प्रश्न : माझ्या साबणाचा फेस अर्ध्या दाढीतच वाळतो आणि मग चेहरा चुणचुणतो. साबण बदलावा का?

उत्तर : आधी पाणी वाढवून पाहावे. फेसात मोठे बुडबुडे दिसत असतील तर त्यात हवा जास्त आणि पाणी कमी असते. ब्रशच्या टोकावर थेंब-थेंब पाणी घेत, फेस सायीसारखा दाट आणि चकचकीत होईपर्यंत घोळवावा. तरीही तो टिकत नसेल आणि भांड्याला पांढरट थर धरत असेल, तर पाणी जड आहे. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. अशा वेळी फेसापुरते वाटीभर क्षार काढून शुद्ध केलेले किंवा उकळून गाळलेले पाणी वापरावे. उकळूनही फरक पडला नाही, तर ते जडपण उकळण्याने न जाणाऱ्या क्षारांचे असते. मग ब्रशशिवाय लावायचे क्रीम घ्यावे, कारण त्याला फेसाची गरजच नसते.