भुवयांचा टॅटू आणि एक छोटासा 'च'

मी समुपदेशन करते. गेल्या दोनेक वर्षांत माझ्याकडे कुडाळला एकच काळजी वेगवेगळ्या तोंडून इतक्या वेळा आलीये की शेवटी लिहायलाच बसले. पार्लरमध्ये मायक्रोब्लेडिंग (बारीक पात्याने केसांसारख्या रेघा कोरून रंग भरणं) किंवा भुवयांचा टॅटू करून घेतला, आवडला नाही, किंवा वर्षभरात विटकरी नाहीतर निळसर पडला, आता काय करू? खरं तर हा प्रश्न त्वचेच्या डॉक्टरांचा, पण बायका आधी माझ्याकडे येतात कारण झोप उडालेली असते.

त्यातली एक सुलभा (नाव आणि ओळख बदललीये). वय चौतीस, मालवणजवळची, जत्रांमधून खाजा या गोड पदार्थाचं दुकान लावते. आषाढातल्या धो धो पावसात आली, स्कार्फ कपाळावर भुवयांपर्यंत ओढलेला, आत येऊनही काढेना. बचत गटातून उचललेल्या पैशातले काही घालून भुवया करून घेतल्या होत्या, घरी न सांगता. रंग उतरून आता गंजलेल्या पत्र्यासारखा दिसत होता (आणि तो गंजच असतो बरं का, या रंगांत बऱ्याचदा लोहाचे ऑक्साईड असतात, काळा आधी फिका पडतो आणि लालसर मागे राहतो).

"मॅडम, गणपतीच्या आधी ह्या जावकच व्हया. मुंबयसून सगळी येतली. हसतलीच."

मी विचारलं, काय काय करून बघितलंस? ऑनलाइन मागवलेलं एक क्रीम लावून झालं होतं, त्याने कातडी सोलली आणि रंग तिथेच. आणि शेजारणीने सांगितलं होतं काजूचा चीक लाव, तिच्या भावाचा चामखीळ त्याने गेलेला. काजूच्या चिकाने हाताची काय अवस्था होते हे आपल्याकडे सांगायला नको, आणि ही ते डोळ्याच्या दोन बोटं वर लावणार होती! मी तिच्याकडून तिथल्या तिथे शब्द घेतला की चीक नाही, चुना-सोडा नाही, लिंबू-मीठ घासणं नाही. भाजलेल्या जागी उरतो तो व्रण, आणि व्रण काही टॅटूसारखा लेसरने पुसून टाकता येत नाही.

पूर्वी मी अशा बायकांना समजवायचे की दिसण्याने काय होतं, माणूस आतून सुंदर हवा वगैरे. ते चुकत होतं. त्यांना रोज आरशात दिसतंय आणि मी म्हणतेय दिसत नाही, मग विश्वास कसा बसणार? मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची माणूस, त्यांनी शिकवलं की प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दल आपण स्वतःला काय सांगतो ते ऐका. म्हणून मी नुसतं ऐकत राहिले आणि तिसऱ्या भेटीत मला ते ऐकू आलं. 'च'. जावकच व्हया. हसतलीच. मी मूर्खच. प्रत्येक वाक्याला एक च, खिळा ठोकल्यासारखा.

मी म्हटलं, "सुलभा, तेच वाक्य परत बोल, फक्त च काढून."

"गणपतीच्या आधी जावक व्हया."

"अजून थोडं सैल कर."

बराच वेळ गेला. बाहेर पागोळ्यांचा आवाज तेवढा. मग हळूच म्हणाली, "गेला तर बरा." आणि थांबून, "नाय गेला गणपतीपर्यंत, तरी चालात." बोलता बोलता स्कार्फ तिनेच काढला, मी काही सांगितलं नव्हतं, आणि रडायला लागली. इतकी वर्षं हे काम करतेय पण अशा क्षणी माझेही डोळे भरतात, आणि सांगायला अभिमान वाटतो की ते माझ्या मराठीने घडवलं, एका अक्षराने.

मला तेव्हा लख्ख दिसलं ते असं की घाईने भुवया करून घेतल्या आणि तीच घाई आता त्या काढायला निघाली होती, तोच च. च असेल तर माणूस कोपऱ्यावरच्या पार्लरमधल्या 'एका सिटिंगमध्ये साफ'ला जातो. च गेला की चौकशी करतो.

मग आम्ही प्रश्न लिहून काढले आणि ती घाट चढून कोल्हापूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. तिथे कळलं ते असं. लेसर रंगाचे बारीक तुकडे करतो आणि ते उचलून न्यायचं काम शरीर हळूहळू करतं, म्हणून एका सेशननंतर दुसऱ्यासाठी ६ ते ८ आठवडे थांबावं लागतं आणि किती सेशन हे आधी छातीठोक सांगता येत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी डाग पडू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तपकिरी, लालसर किंवा स्किन कलरचा रंग लेसर पडल्याबरोबर काळा होऊ शकतो, म्हणून आधी भुवईच्या टोकाला टेस्ट पॅच (थोड्याशा जागेवर लेसरची चाचणी) करून काही आठवडे थांबायचं. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून पापणीच्या आत धातूचं कवच बसवायचं, नुसता चष्मा या जागी पुरत नाही. जो टेस्ट पॅच आणि कवच या दोन गोष्टी आपणहून बोलत नाही त्याच्याकडे भुवया देऊ नका, हे माझं स्पष्ट मत. केलॉइड (जखमेच्या जागी वाढत जाणारे फुगीर व्रण) होत असतील, मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल तर ते पहिल्या भेटीतच सांगा. भुवयांचे केस काही काळ पांढरे पडू शकतात हेही आधी कळलेलं बरं.

गणपतीत टेस्ट पॅच तेवढा झाला होता. नणंदेने आरतीनंतर विचारलंच. सुलभा म्हणाली, "फसलंय गो, आता काढतंय, टायम लागतलो." नणंद म्हणे जवळ सरकली आणि तिने पण स्वतःच्या ओठांच्या टॅटूबद्दल विचारलं.

आत्तापर्यंत दोन सेशन झालीत, रंग राखाडी झालाय, डावीकडे थोडा जास्त. तिसऱ्याची तारीख तिने आंगणेवाडीच्या जत्रेनंतरची घेतलीये, कारण जत्रेत दिवसभर उन्हात दुकानावर उभं राहावं लागतं आणि ताज्या लेसरवर ऊन नको. परवा फोनवर विचारत होती, मॅडम, सनस्क्रीन घामाने जाता, परत किती वेळान लावूचा?