हायर लेव्हल सोडलंस, तर स्टेजच सुटेल

पत्र:

ताई, मी १७ वर्षांची आहे. आयबी डिप्लोमाचं (अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) पहिलं वर्ष संपत आलंय. थिएटर मी हायर लेव्हलला, म्हणजे वरच्या पातळीला घेतलं, कारण लहानपणापासून शाळेच्या प्रत्येक नाटकात मुख्य भूमिका माझीच असायची. इथे मात्र नाटक कमी आणि लिखाणच जास्त. मला सातपैकी ४ मिळाले. माझ्या एका मित्राला स्टेजवर धड उभंही राहता येत नाही, त्याला ६. आता गटाच्या प्रकल्पात माझी कल्पना बाजूला पडली आणि सगळ्यांनी पांढरे मुखवटे घालायचे असं ठरलं. मला एकही वाक्य नाही. तालमीत चिडून मी त्या मित्राला सगळ्यांसमोर म्हटलं, "तू वहीतच कर नाटक." तेव्हापासून तो बोलत नाही. आई म्हणते, खालच्या स्टँडर्ड लेव्हलला ये, नाहीतर विषयच बदल, नाटक हौस म्हणून कर. मला खरंच अभिनय येतो का, की लहान होते म्हणून सगळे कौतुक करायचे?
ता. क. एक्स्टेंडेड एसे, म्हणजे डिप्लोमातला मोठा संशोधन-निबंध, तोसुद्धा थिएटरमध्येच करायचा होता. तोही सोडू का?
– मुखवट्यामागची

उत्तर:

अगं, आईच्या सल्ल्यापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर आकड्यांत आहे आणि ते आकडे तुम्ही दोघींनीही नीट पाहिलेले दिसत नाहीत.

२०२४ च्या परीक्षेपासून जो अभ्यासक्रम लागू आहे, त्यात हायर लेव्हलला चार कामं असतात. एका नाटकाच्या प्रयोगाचा प्रस्ताव, म्हणजे संहिता घेऊन 'मी हे असं उभं करीन' हे कागदावर मांडायचं, त्याला २० टक्के. जगातल्या एखाद्या नाट्यपरंपरेवरचं संशोधन आणि सादरीकरण, त्यालाही २० टक्के. गटाने मिळून रचलेलं नाटक, २५ टक्के. आणि एकट्याने उभं केलेलं सादरीकरण, ३५ टक्के. स्टँडर्ड लेव्हलला यातलं शेवटचं काम नसतंच. त्याचे टक्के बाकीच्यांत वाटले जातात: प्रस्ताव ३०, संशोधन ३०, गटाचं नाटक ४०.

आता तुझं पत्र पुन्हा वाच. तुला कशाचा त्रास होतोय? लिखाणाचा आणि गटाचा. खाली उतरलीस तर नेमकं ह्याच दोन्हींचं वजन वाढतं. आणि जे तुला हवंय, म्हणजे स्टेजवर तू एकटी आणि समोर प्रेक्षक, ते एकमेव काम हातचं जातं. चार ते सात मिनिटांचं का असेना, पण ते पूर्ण तुझं असतं. कोणी मुखवटा घाल म्हणणार नाही, कोणी वाक्य काढून घेणार नाही. त्याला २५०० शब्दांपर्यंतचा अहवाल जोडावा लागतो, हे खरं; पण तो अहवालही तुझ्याच कामाचा.

आणखी एक. डिप्लोमासाठी किमान तीन विषय हायर लेव्हलला असावेच लागतात. थिएटर तुझ्या तीनातलं एक असेल, तर ते खाली आणताना दुसरा एखादा विषय वर न्यावा लागेल, तोही वर्ष संपत आल्यावर. हायर लेव्हलला अध्यापनाचे तास २४० धरलेले असतात, स्टँडर्डला १५०. मधला फरक त्या दुसऱ्या विषयात तुला घाईघाईने भरून काढायचाय. आईला वाटतंय ती तुझं ओझं कमी करतेय. हे गणित तिच्यासमोर कागदावर मांड, मग बोला. चार विषय हायर लेव्हलला असतील आणि अभ्यास खरोखरच पेलवत नसेल, तर गोष्ट वेगळी. पण तसं तू कुठे लिहिलेलं नाहीस. तू लिहिलंयस ते अपमानाबद्दल.

मग अपमानाबद्दल बोलू.

तुझा समज असा झालाय की ४ हे तुझ्या अभिनयाचे मार्क आहेत. तसं नाही. हा अभ्यासक्रम नट घडवायचा वर्ग नाही. इथे नाटक करणारा माणूस पारखला जातो: रचणारा, दिग्दर्शन करणारा, नेपथ्य-प्रकाश-वेशभूषा ठरवणारा आणि सादर करणारा, सगळे एकाच माणसात. तुला काय वाटलं याला मार्क नसतात. तुला प्रेक्षकांवर काय परिणाम हवा होता, त्यासाठी तू काय निवडलंस आणि तो परिणाम झाला का, याला असतात. हे तुला कोणी आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. विषय निवडताना "तू किती छान नाटक करतेस, घेच" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, मूल्यमापनाचं पान उघडून दाखवणारं क्वचित कोणी.

फरक कळावा म्हणून एक नमुना देते. समज, एका प्रसंगात तू समोरच्याच्या थोबाडीत मारतेस. तुझ्या वहीत बहुधा असं असेल: 'मला पात्राचा राग आतून जाणवला आणि मी तो पूर्ण ताकदीने व्यक्त केला.' यावर परीक्षक काय करणार? ठीक आहे, जाणवला असेल. आता रशियन दिग्दर्शक मेयरहोल्डच्या बायोमेकॅनिक्समध्ये, म्हणजे नटाच्या शरीराला घडवायच्या त्याच्या पद्धतीत, थोबाडीत मारण्याचाच एक ठरलेला व्यायाम आहे. त्यात हात पुढे जाण्याआधी उलट दिशेला जातो, अंगही मागे झुकतं, आणि मग वार येतो. हे करून पाहून तू लिहिलंस की, 'हात उचलण्याआधी मी तो वीतभर मागे नेला आणि तिथे श्वासभर थांबले. पहिल्या तालमीत न थांबता मारलं होतं तेव्हा बघणारे हसले होते, थांबल्यावर मात्र पुढच्या रांगेतली मुलगी मार बसायच्या आधीच मागे सरकली', तर त्यात हेतू आहे, निवड आहे, पुरावा आहे. शिवाय हे लिहिता लिहिता तुझा अभिनय सुधारतो, कारण पुढच्या वेळी तू ते मुद्दाम करू शकतेस. आजवर तुला जमत होतं ते आपोआप जमत होतं. आपोआप जमणारं एके दिवशी आपोआप जमेनासं होतं, आणि तेव्हा दुरुस्त कुठे करायचं ते कळत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. लहान होते म्हणून कौतुक झालं का?

काही अंशी, हो.

हा प्रश्न तू पहिल्यांदा विचारत नाहीयेस. जपानच्या नो नाट्यपरंपरेतला झेआमी हा नट आणि नाटककार चौदाव्या शतकात जन्मला. स्वतः बालनट होता, आणि साधारण बाराव्या वर्षी त्याच्या प्रयोगाने तिथला शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमित्सु इतका भारावला की त्याने मुलाला थेट आश्रयच दिला. म्हणजे लहानपणच्या कौतुकाबद्दल बोलायचा अधिकार या माणसाइतका क्वचितच कोणाला असेल. त्याने १४०० च्या सुमाराला नटांच्या शिक्षणावर जे लिहिलं, ते कितीतरी शतकं घराण्याबाहेर फारसं गेलं नाही. ते सगळ्यांसाठी छापलं गेलं १९०९ साली. त्यात वयानुसार एकेक टप्पा येतो. बारा-तेराव्या वर्षी, तो म्हणतो, आवाज गोड, रूप गोंडस, काहीही केलं तरी शोभतं. नटाच्या या मोहिनीला तो फूल म्हणतो, पण लगेच बजावतो की हे त्या वयाचं फूल आहे, खरं नव्हे.

आणि पुढचा टप्पा कुठला, माहितीये? सतरा-अठरा. आवाज फुटलेला, अंग उंचाडं आणि बेढब झालेलं, आधीची मोहिनी गेलेली. काल सहज जमत होतं ते आज जमत नाही, बघणारे हसतात, पोराचं मन खचतं. झेआमी इथे धीराचे गोड शब्द बोलत नाही. हसले तर हसू देत, म्हणतो. जेवढा आवाज लागतो तेवढ्याच पट्टीत सकाळ-संध्याकाळ रियाज कर, आयुष्य इथेच ठरणार आहे असं समजून धरून ठेव. इथे सोडलंस तर तुझं नो इथेच संपलं.

हा भाग तुझ्यासाठी मुद्दाम वाढवून लिहिलेला नाही, खरंच तसा आहे. (पुढे चोवीस-पंचविशीला पुन्हा कौतुक सुरू होतं, तेव्हा तो आणखीच कडक होतो: नवखेपणामुळे टाळ्या पडतात आणि पोरगं स्वतःला उस्ताद समजायला लागतं, म्हणून. पण ते तू तेव्हा वाच.)

तेव्हा तुला अभिनय येतो का, याचं उत्तर मी पत्रावरून देऊ शकत नाही, आणि कोणी देत असेल तर ऐकू नकोस. तुझं लहानपणचं फूल गळतंय एवढं दिसतं. ते सगळ्यांचंच गळतं. तुझ्या वेळी ते मार्कांच्या रूपात आलं, म्हणून जास्त लागलं.

मुखवट्याचं म्हणशील, तर तुझ्या गटावर मी खूश आहे. रागावलीस तरी चालेल. मुख्य भूमिका करणारी मुलं बहुतेक वेळा चेहऱ्यावर निभावून नेतात. डोळे, ओठ, आवाज. गळ्याखालचं शरीर नुसतं सोबत उभं असतं. जाक लकॉक या फ्रेंच शिक्षकाने १९५६ साली पॅरिसला शाळा काढली, तिथे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच भावहीन, तटस्थ मुखवटा दिला जायचा. शिल्पकार आमलेतो सारतोरी यांनी चामड्यात घडवलेला. चेहरा काढून घेतला की काय उरतं, ते नटालाही कळावं आणि शिक्षकालाही.

तू हे करून बघ. मुखवटा घाल, खोलीच्या एका टोकाला उभी राहा, आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी आल्याचं तुला जाणवलं एवढंच कर. मोबाइल लावून ठेव. नंतर बघशील तेव्हा दिसेल, तू डोळे वळवलेस आणि काहीच घडलं नाही. मुखवट्यात डोळ्यांचं काम मानेला करावं लागतं, आणि मान वळली की खांदा मागे राहिला का बरोबर आला, यावर पात्र घाबरलंय की वाट बघतंय हे ठरतं. पायांवरचं वजन कुठे आहे तेही दिसतं. तीन-चार वेळा वेगवेगळं करून बघ आणि प्रत्येक वेळी काय बदललं ते लिहून ठेव. वाक्य नाही म्हणून रडतेयस, आणि सात ते दहा मिनिटांचं अख्खं नाटक तुझ्या शरीरावर उभं राहणार आहे.

तुझी कल्पना बाजूला पडली, ती कायमची टाकू नकोस. एकल सादरीकरणासाठी तिच्यातलं काही वापरता येईल का ते बघ, पण आधी कल्पना आणि मग तिला चिकटवायला सिद्धांत, असं करू नकोस. ते काम एखाद्या नाट्यसिद्धांतातून उगवलेलं असावं लागतं. आणि सिद्धांत निवडताना तुझ्या सोयीचा निवडू नकोस. भावनेत शिरणं तुला आधीच येतं. जर्मन नाटककार ब्रेख्त घे, पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्की घे, तुला आत्ता अवघड वाटेल असं कोणीतरी घे.

मित्राबद्दल फार लिहीत नाही, कारण तुला काय करायचं ते ठाऊक आहे. सगळ्यांसमोर बोललीस ना, मग माफीही तालमीतच, सगळ्यांसमोर माग. "मी चिडले होते, पण" असलं काही जोडू नकोस. 'पण' आला की माफी गेली. आणि नंतर, दोन दिवसांनी म्हण, त्याच दिवशी नको, त्याला विचार की तुझी वही वाचायला देशील का. हे मी समेट व्हावा म्हणून सांगत नाहीये. ६ मिळवणारं लिखाण कसं दिसतं हे तुला बघायची गरज आहे, आणि तो मुलगा तुझ्या शेजारी बसतो. त्या बदल्यात त्याला स्टेजवर उभं राहायला शिकव. त्याने नाही म्हटलं तर गप्प बस, काम चालू ठेव, प्रयोगापर्यंत वेळ आहे.

तुला ४ मिळाल्याचं तू आईला सांगितलंस, हे चांगलं केलंस. 'हौस म्हणून कर' हे तिचं वाक्य तुला झोंबलंय, पण ती नाटकाला नाही म्हणत नाहीये, तुझ्या निकालाला घाबरलीये. पुढे नाट्यशिक्षणाच्या संस्थेत जायचं झालं, तर तिथे प्रवेश बहुतेक ठिकाणी ऑडिशनवर ठरतो. दुसरं काही शिकायचं झालं, तर त्या विद्यापीठाला कोणते विषय कुठल्या लेव्हलला लागतात, ते दोघी मिळून त्यांच्या प्रवेशाच्या अटींत बघा. हे तुझ्याही हिताचं आहे. त्या अटींत तुझा एखादा विषय बसत नसेल, तर तो निर्णय आत्ता घ्यावा लागेल, पुढच्या वर्षी नाही.

ता. क. चं उत्तर: एक्स्टेंडेड एसे सोडायची घाई नको, पण 'थिएटर आवडतं' एवढ्यावर घेऊही नकोस. ४००० शब्दांत पुरेल असा एक नेमका प्रश्न हवा, आणि विषयाच्या दुसऱ्या कामासाठी वापरलेलं साहित्य तिथे पुन्हा देता येत नाही. संशोधनाच्या सादरीकरणाला एखादी परंपरा घेतली असशील, तर एसेसाठी दुसरीकडे बघ. मुखवटा घालून महिनाभर तालीम झाली की तुझ्याजवळ दोन-तीन प्रश्न जमलेले असतील. त्यातला ज्याचं उत्तर तुला आधीच माहीत नाही, तो घेऊन मार्गदर्शकांकडे जा.

– ताई