एयूपीसी लावल्यावर पॉवर कमाल मर्यादेलाच का बसते?

तुमची अडचण मला कळली ती अशी. मोहोळकडच्या कारखान्यातून पुण्याला केयू-बँडची एससीपीसी सॅटेलाइट लिंक आहे, म्हणजे दोन टोकांमध्ये कायम राखलेला स्वतंत्र चॅनेल. वळीव आला की डेटा तुटतो, म्हणून मोडेममधलं एयूपीसी, म्हणजे ट्रान्समिट पॉवर आपोआप सांभाळणारी सोय, चालू केली. आता आभाळात ढग नसतानाही पॉवर वरच्या मर्यादेला जाऊन बसते आणि उतरायचं नाव घेत नाही. टार्गेट ९ डीबी (डेसिबल), कमाल वाढ ९ डीबी, आणि उघाडीच्या दिवशी पुण्यात ईबी/एनओ, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे तो आकडा, ८.४.

उत्तर या तीन आकड्यांतच आहे. उघाडीला ८.४ मिळतात आणि तुम्ही मागताय ९. मोडेम बिचारा हुकमाचा ताबेदार. तो ९ गाठायला पॉवर चढवत राहणार, आणि बक (बीयूसी, छतावरचा सिग्नल वर पाठवणारा ट्रान्समीटर) दमला असेल तर ९ कधीच येणार नाहीत.

एयूपीसीला पाऊस कळत नाही. पुण्याचा मोडेम स्वतःला मिळणारा ईबी/एनओ फ्रेमच्या ओव्हरहेडमधून, म्हणजे डेटासोबत जाणाऱ्या जादा बिट्समधून, तुमच्याकडे परत धाडतो, त्या एका आकड्यावर इकडची पॉवर हलते. म्हणून फ्रेमिंग दोन्ही टोकांना सारखं लागतं. ते बदलताना पुण्याचा मोडेम याच लिंकवरून हाताळत असाल तर आधी तिकडचं बदला, मग इकडचं. उलटं केलंत की पुण्याला फोन करून कुणाला तरी रॅकसमोर उभं करावं लागेल.

आता बसवायचं कसं. एयूपीसी बंद करा. कोरड्या सकाळी, नऊच्या आत, पॉवर हातानं लावून पुण्याचा आकडा पंधरा-वीस मिनिटं बघा. सकाळ अशासाठी की मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार गेला की छतावरचा बक तापतो आणि त्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, थोडा घसरतो. सकाळी हातानं लावलेली ही पॉवर म्हणजे तुमची नॉमिनल, रोजची पॉवर. टार्गेट मिळालेल्या आकड्याच्या थोडं खाली ठेवा, ८.४ असेल तर ८. म्हणजे उघाडीला मोडेम गप्प बसेल.

कमाल वाढ मेनूत ९ पर्यंत जाते म्हणून ९ टाकायची नसते. ३ डीबी म्हणजे दुप्पट पॉवर. समजा बक ४ वॅटचा आहे आणि उघाडीला २ वॅट चालतोय, तर कागदावरच ३ डीबी उरतात, त्यातही टोकाचा भाग वापरायचा नसतो. मोजायची पद्धत सोपी आहे. सॅटेलाइट ऑपरेटरच्या नियंत्रण कक्षाला फोनवर घ्या, परवानगी मागा, आणि एकेक डीबीनं पॉवर चढवा. प्रत्येक पायरीला पुण्याचा आकडाही एकेक डीबीनं चढला पाहिजे. जिथं १ डीबी दिल्यावर अर्धाच मिळतो तिथं बक दबायला लागलाय. त्यांच्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर कॅरियरच्या (तुमच्या सिग्नलच्या) दोन्ही बाजूंना खांदेही उगवलेले दिसतील, म्हणजे शेजाऱ्याच्या कॅरियरमध्ये तुमचा कचरा. मर्यादा त्याच्या डीबी-दीड डीबी खाली. ऑपरेटरनं त्याहून कमी सांगितली तर त्यांचीच खरी, कारण ट्रान्सपाँडरची (सॅटेलाइटवरच्या रिपीटरची) पॉवर सगळ्यांत वाटलेली असते.

पॉवर बदलण्याचा वेग माझ्या मते मिनिटाला २ ते ३ डीबी. अर्ध्या डीबीवर ठेवलंत तर पॉवर वर पोचेपर्यंत सोलापुरी वळीव अक्कलकोटला गेलेला असतो. फार वाढवलात तर पॉवर वर-खाली हेलकावे खाते. पुण्याचा डिमॉड (मोडेमचा रिसीव्हर) लॉक सोडेल, म्हणजे सिग्नल हरवेल, तेव्हा काय करायचं, हाही पर्याय असतो: नॉमिनल की कमाल. मर्यादा वर सांगितली तशी मोजलेली असेल तरच कमाल ठेवा.

एक खाच लक्षात घ्या. पाऊस पुण्यात पडला तरी पुण्याचा आकडा पडतो आणि तुमचा मोडेम इथं कोरड्यात पॉवर चढवतो. ओळखायचं असेल तर तुमच्या मोडेमचा स्वतःचा रिसीव्ह ईबी/एनओ बघा. पाऊस इथला असेल तर तोही पडतो, फक्त कमी, कारण १४ गिगाहर्ट्झच्या अपलिंकला (वर जाणाऱ्या सिग्नलला) पावसाचा मार डाउनलिंकपेक्षा (खाली येणाऱ्यापेक्षा) साधारण दीडपट बसतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे येतो. तेव्हा भरदुपारी काही मिनिटं आकडा कोसळतो. तिथं पॉवर वाढवून फारसं काही साधत नाही, ती वेळ जाऊ द्यायची.

आता माझी फजिती. एका साखर कारखान्याच्या छतावर मी असंच सगळं व्यवस्थित बसवलं आणि निर्धास्त झालो. मेमध्ये दोन वळीव येऊन गेले, लिंक हलली नाही, आम्ही खूश. सप्टेंबरात पहिली खरी झड लागली आणि लिंक पडली ती दोन तास. वर जाऊन बकाकडचा एन-टाइप कनेक्टर उघडला तर आत पाण्याचा थेंब, मधली पिन हिरवट, आणि वरची टेप उन्हानं पापडासारखी तडकलेली. मेपासून केबल थोडी थोडी खात होती आणि एयूपीसी मुकाट्यानं ते भरून काढत होतं. बकमधून बाहेर पडणारी पॉवर तेवढीच, पुण्याचा आकडाही ८ वर ठाम, पण मोडेमची ४ डीबीची वाढ पावसाआधीच खर्ची पडलेली. मॉनिटरिंगमध्ये मी फक्त ईबी/एनओ बघत होतो. आकडा चांगला दिसणं हेच तर एयूपीसीचं काम!

तेव्हापासून मी ‘वाढ किती चालू आहे’ हा आकडा दर पाच मिनिटांनी लॉग करतो आणि कोरड्या दिवशी तो १ डीबीच्या वर दिसला की शिडी काढतो. तुमच्याकडेही टार्गेट ८ वर आणल्यावर वाढ शून्यावर येत नसेल तर सेटिंग सोडा, आधी कनेक्टर आणि डिशची दिशा तपासा. बक किती वॅटचा आहे आणि केबल किती मीटर आहे ते लिहायचं राहिलंय, ते कळवा.