अमेरिकेत जुनी डॉज डार्ट घ्यायची आहे. सिक्स घ्यावी की व्ही-८?

आजोबांकडे मुंबईत डॉज होती, त्या ओढीने आता तुम्हाला ओहायोत १९६७ ते ७६ मधली डार्ट घ्यायची आहे. सिक्स (सहा सिलिंडरची) बरी की ३१८ क्युबिक इंचाची व्ही-८, कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवावं का, आणि वापरलेल्यांच्या आठवणी काय, असं तुम्ही विचारलंय. सिक्स घ्या. इंजेक्शनचं नंतर बोलू.

आधी एक गोष्ट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेल्या जुन्या डॉज, प्लिमथ, डिसोटो ही निराळी जात. त्या काळच्या सिक्सला फ्लॅटहेड इंजिन असायचं, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सगळं मंद आणि जड. डार्टमधली स्लँट सिक्स १९६० च्या व्हॅलियंटबरोबर आली. ओव्हरहेड व्हॉल्व्ह, आणि अख्खं इंजिन ३० अंश उजवीकडे कललेलं. कललेलं असल्यामुळे बोनेट खाली घेता आलं आणि ड्रायव्हरच्या बाजूला इनटेकच्या लांब नळ्यांना जागा मिळाली. २२५ क्युबिक इंचाच्या इंजिनाचा बोअर ३.४० आणि स्ट्रोक ४.१२५ इंच. कागदावर १४५ हॉर्सपॉवर, तीही जुन्या ग्रॉस मोजणीने, म्हणजे इंजिन गाडीबाहेर सुटं मोजून. पण लांब स्ट्रोकमुळे २४०० आरपीएमलाच पूर्ण टॉर्क मिळतो, म्हणून सिग्नलवरून निघताना गाडी कुंथत नाही. १९७० ची चार दरवाज्यांची, २२५ आणि तीन गिअरची टॉर्कफ्लाइट (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ही माझी. हायवेला गॅलनला १८ ते २० मैल देते. साडूंची ३१८ तेवढं देत नाही, आणि हा वाद आमच्याकडे दर दिवाळीला होतो.

वादाचा खरा मुद्दा मायलेज नाही, टिकटिक आहे. स्लँट सिक्सला १९८० पर्यंत सॉलिड टॅपेट होते, हायड्रॉलिक नाहीत. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा दट्ट्या; हायड्रॉलिक आपला गॅप आपोआप सांभाळतो, सॉलिडचा गॅप हाताने लावावा लागतो. शिलाई मशीनसारखा आवाज येणारच. साडूंच्या मते हा आजार. व्ही-८ बघा कशी लोण्यासारखी चालते, तुमची मात्र खडखडते. मग कुणीतरी टॅपेट घट्ट करून आवाज बंद करतो आणि मालक खूश होतो. इंजिन मारतात ते असं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकलेला असताना हेडला देतो. गॅप संपला की तो पुरता टेकत नाही, कडेने जळतो आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं. त्यातून शिसं नसलेल्या पेट्रोलवर लांब हायवेला चालवलेल्या गाडीत सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, म्हणजे गॅप आपोआप कमी होतो. गाडी बघायला गेलात आणि इंजिन फारच शांत वाटलं, तर विक्रेत्याचं कौतुक करू नका, कॉम्प्रेशन गेज लावा. सहा सिलिंडरमध्ये २५ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको.

गॅप इंजिन पूर्ण तापल्यावरचा: इनटेक १० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट २० थाउ. तापल्यावर म्हणजे काटा मधे आल्यावर लगेच नाही, वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवून आणल्यावर. कंपनीच्या पुस्तकात आयडलिंगवर चालू इंजिनात करायला सांगितलंय. तेल थोडं उडतं, पण काम नीट होतं. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड (मिश्रण आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे जोड) एकाच बाजूला आहेत, त्यामुळे कोणता व्हॉल्व्ह कुठला हे समोरची नळी बघून ओळखता येतं. फीलर गेज आत-बाहेर करताना हलका अडसर लागला पाहिजे. रॉकरवरचा स्क्रू सेल्फ-लॉकिंग आहे, वेगळं चेकनट नाही. पाना लावताच स्क्रू सैल फिरला तर तो बदला, नाहीतर आज लावलेला गॅप पुढच्या महिन्यात राहणार नाही. कव्हर परत बसवताना बोल्ट फार आवळू नका. गॅस्केट चेपलं की तेल उजवीकडे उतरतं आणि थेट प्लगच्या नळ्यांवर येतं. १९७४ पर्यंतच्या हेडमध्ये प्लग अॅल्युमिनियमच्या नळ्यांतून बसतात, त्यांना रबरी रिंगा असतात. त्या रिंगा कडक झाल्या की प्लगपाशी तेल साचतं आणि लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. रिंगांचा सेट किरकोळ किमतीत येतो. या हेडमध्ये नव्या प्लगबरोबर आलेला वॉशर काढून टाकायचा. नळीचा तळच वॉशरचं काम करतो. प्लगचा गॅप ३५ थाउ.

आता कार्ब्युरेटर. जुन्या सिक्सचं आयडलिंग बिघडलं की ऐंशी टक्के मालक कार्ब्युरेटर उघडतात, आणि दोष सहसा शेजारच्या मॅनिफोल्डमध्ये असतो. माझ्या गाडीतही तेच होतं. सिग्नलला थांबलं की धाप लागायची आणि थंडीत एक्झॉस्टजवळ टक-टक आवाज यायचा. साडूंनी सुचवलेल्या गॅरेजमध्ये नेली, तिथल्या माणसाने मॅनिफोल्डच्या नटांना एअर गन लावली. आवाज दोन आठवडे थांबला आणि नंतर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेला. का गेला तेच सांगतो, कारण तुमच्या गाडीतही कुणीतरी हे केलेलं असणार.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन निराळे कास्टिंग मधोमध तीन बोल्टनी एकमेकांना जोडलेले असतात आणि मग दोन्ही मिळून हेडला बसतात. एक्झॉस्ट तापून लांबीत वाढतं, त्याला हेडवर सरकायला वाव लागतो. म्हणून नट फक्त १० फूट-पाउंडचे. त्या आकाराच्या नटासाठी हे इतकं कमी आहे की हाताला विश्वास बसत नाही. घट्ट केलं की कास्टिंग सरकू शकत नाही आणि मधे तडकतं.

बदलायचं असेल तर दोन्ही मॅनिफोल्ड जोडलेले असतानाच बाहेर काढा. नटांखाली वेगवेगळ्या आकाराचे वॉशर असतात, कोणता कुठे होता त्याचा काढण्याआधी फोटो घ्या. बाहेर काढून तीन बोल्ट सोडा. तुटले तर तुटू द्या, ड्रिल करून काढता येतात. इनटेक-एक्झॉस्टमधलं गॅस्केट नवं घाला आणि तीन बोल्ट हातानेच लावून ठेवा, आवळू नका. मग जोड हेडवर चढवा, स्टडवर नीट बसू द्या, हेडचे नट मधून कडेला जात दोन फेऱ्यांत १० फूट-पाउंडला आणा, आणि शेवटी ते तीन बोल्ट २० ला. क्रम उलटा केला तर दोन्ही कास्टिंग एका पातळीत येत नाहीत आणि टोकाच्या सिलिंडरला हवा शिरते. जुन्या मॅनिफोल्डवर आधी सरळ पोलादी पट्टी ठेवून बघा. वाकलेले असतील तर दोन्ही जोडून एकत्र मशीनिंग करून घ्या, वेगवेगळे नाहीत. आठवडाभर चालवून थंड इंजिनावर नट पुन्हा तपासा.

एक्झॉस्टच्या तोंडाशी वजन लावलेला एक झडपेचा दांडा आहे, हीट रायझर. गाडी थंड असताना तो बोटाने हलला पाहिजे. बंद स्थितीत अडकला तर इनटेकचा तळ कायम भाजत राहतो, उन्हाळ्यात कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं, आणि पुन्हा दोष कार्ब्युरेटरवर. ग्रॅफाइटचं पातळ तेल मारत हळूहळू सोडवा, हातोडी नको.

हे सगळं झाल्यावर व्हॅक्युम गेज लावा. आयडलिंगला काटा १८ ते २० इंचांवर स्थिर असेल तर कार्ब्युरेटरला हात लावायचा अधिकार तुम्हाला मिळाला. काटा फडफडला तर परत टॅपेट आणि मॅनिफोल्ड. टायमिंग इंजिनच्या खोलीतल्या स्टिकरवरच्या आकड्याला लावा, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून. पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, स्पार्कसाठी करंट तोडणाऱ्या संपर्काचा) गॅप २० थाउच्या आसपास. डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या कलत्या बाजूखाली आहे, वरून दिसत नाही, म्हणून बहुतेकांनी तो वर्षानुवर्षं उघडलेला नसतो. एकदा काढून त्याचा खालचा गिअर बघा. तो नायलॉनचा आहे, दात झिजलेले दिसले तर लगेच बदला. १९७३ पासूनच्या गाड्यांत पॉइंट नाहीत, इलेक्ट्रॉनिक पिकअप आहे. तिथे गॅप ८ थाउ, आणि तो मोजायला पितळी गेज लागतं.

इतकं करून सिंगल बॅरल कार्ब्युरेटर थंडीत पहिल्या फटक्यात गाडी उठवतो. मग इंजेक्शनचे हजार-दीड हजार डॉलर कशाला? साडूंनी ३१८ ला इंजेक्शन बसवलं. त्यासाठी टाकीत नवा पंप, रिटर्नची नळी आणि नवं वायरिंग टाकावं लागलं. एवढं करून गाडी ज्या दोषामुळे बंद पडायची तो दोष तिथेच राहिला, कारण तो वायरिंगचा होता. ते वायरिंग तुमच्याही गाडीत असणार.

अल्टरनेटरचा सगळा करंट फायरवॉलवरच्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरमधून डॅशबोर्डच्या अॅमीटरपर्यंत जातो आणि तिथून परत बाहेर येतो. पन्नास वर्षांत त्या पिना सैल होतात, तापतात, प्लॅस्टिक वितळतं. कनेक्टर काढून काळी आणि लाल जाड वायर बघा. जळकट दिसली तर अल्टरनेटरच्या स्टडपासून स्टार्टर रिलेच्या बॅटरीच्या स्टडपर्यंत ८ गेजची सरळ वायर टाका, मधे १२ गेजची फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखी वितळणारी वायर). ही लिंक वगळू नका, शॉर्ट झाला तर गाडी जळेल. आत अॅमीटरच्या दोन वायरी एकत्र बांधा आणि व्होल्टमीटर लावा. चालू इंजिनात १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत.

दुसरी गोष्ट बॅलास्ट रेझिस्टर, फायरवॉलवरचा पांढरा चिनी मातीचा तुकडा. किल्ली फिरवताना गाडी सुरू होते आणि किल्ली सोडताच बंद पडते, तर तो गेलाय. क्रँकिंगच्या वेळी कॉइलला थेट बारा व्होल्ट मिळतात, नंतर रेझिस्टरमधून. म्हणून असं होतं. एक नवा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, सोबत स्क्रूड्रायव्हर. घरी पोचण्यापुरती वायर जोडून चालेल, कायमची नाही, पॉइंट जळतील.

गंजाबद्दल थोडक्यात. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ पडतं, तेव्हा रंग बघून भुलू नका. पुढच्या सस्पेन्शनला कॉइल स्प्रिंग नाहीत, लांब टॉर्शन बार आहेत, आणि त्यांचं मागचं टोक फरशीखालच्या क्रॉसमेंबरमध्ये बसतं. तिथे स्क्रूड्रायव्हर आत गेला तर गाडी सोडून द्या. काचेखालच्या जाळीत बाटलीभर पाणी ओता आणि आतले गालिचे उचला. ओले झाले तर काउल (काचेखालचा पत्रा) सडलाय, आणि ते वेल्डिंग इंजिनपेक्षा महाग पडतं. डिकीची फरशी, मागच्या फेंडरचा खालचा पत्रा आणि बॅटरीखालचा ट्रे सडलेला असतोच, त्यावर भाव पाडा.

राहिली गोष्ट व्ही-८ ची. ३१८ वाईट नाही, हे साडूंना सांगू नका. ताकद जास्त, भाग मुबलक, आणि हायड्रॉलिक टॅपेट असल्याने टॅपेट सेटिंगची कटकट नाही. ज्याला वर्षातून एकदा फीलर गेज हातात धरायचं नाही त्याने तीच घ्यावी. सिक्सच्या गाड्यांना मात्र ९ इंची ड्रम ब्रेक येतात आणि ते हायवेवरून उतारावर दोनदा जोरात दाबले की मऊ पडतात. १९७३ पासूनच्या डिस्कवाल्या गाडीचे पुढचे भाग बसतात, पण त्या भागांचं बोल्ट सर्कल (चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ४ नव्हे, साडेचार इंचांचं आहे, म्हणजे चाकंही बदला. १९६७ च्या आधीची गाडी मिळत असेल तर मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो, एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले; दुहेरी बसवल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका. मुलांना रोज शाळेत सोडायला यातली कुठलीच गाडी वापरू नका, एअरबॅग नाही आणि मागे फक्त कमरेचा पट्टा.

आणि १९७० पर्यंतची घेतलीत तर ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन्ही चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. स्टडच्या टोकावर एल कोरलेला असतो, गंजात दिसत नाही. टायरवाल्याला गाडी उचलण्याआधीच सांगा, नाहीतर तो एअर गनने स्टड तोडेल आणि गाडी गंजकी म्हणून वर तुम्हालाच ऐकवेल.