पेरिस्कोपमधून नाण्याएवढेच दृश्य दिसते, त्याबद्दल

नमस्कार. डिचोलीहून आपण लिहिले आहे की, मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पाच फुटी पीव्हीसी पाइपचा पेरिस्कोप (नळीच्या दोन टोकांना आरसे लावून आडोशापलीकडचे पाहण्याचे साधन) केला, आरसे ४५ अंशांतच बसवले, तरीही समोरचे दृश्य जेमतेम नाण्याएवढ्या वर्तुळात दिसते. हे वाचून फोंड्यात झालेली माझी फजिती आठवली, म्हणून सविस्तर लिहितो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. प्रकाशीय उपकरणांचा तज्ज्ञ नव्हे, तेव्हा माझे म्हणणे पडताळूनच घ्यावे.

आपली चूक कोनात नाही, लांबीत आहे. शिगम्याची मिरवणूक गर्दीच्या डोक्यावरून पाहता येईल असे साधन विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे, या हौसेपायी मीही तीन इंची पाइप आणला आणि जितका लांब तितका चांगला, अशा भाबड्या समजुतीने तो पाच फुटी ठेवला. एका कार्यालयाने शाळांना धाडलेल्या माहितीपत्रकात आरसे समांतर व ४५ अंशांत बसवावेत एवढेच छापले होते. लांबी-रुंदीच्या प्रमाणाविषयी चकार शब्द नव्हता. विचारायला गेलो तर या टेबलावरून त्या टेबलावर असा अर्धा दिवस गेला आणि शेवटी, ‘पत्रकात आहे तसेच करा’, हे उत्तर मिळाले. पत्रक लिहिणाऱ्याने पेरिस्कोप कधी हातात तरी धरला होता का, अशी शंका मला अजूनही येते.

वास्तविक हिशेब सोपा आहे. आरसे प्रकाशाची वाट केवळ वळवतात, तिची लांबी कमी करत नाहीत. त्यामुळे पाच फुटी पेरिस्कोपमधून पाहणे म्हणजे पाच फूट लांबीच्या पोकळ नळीतून पाहणेच होय. रुंदी ७.५ सेंटिमीटर आणि लांबी १५० सेंटिमीटर असल्यास दृष्टिक्षेत्र सुमारे ३ अंशांचे राहते, म्हणजे ५० मीटरवरच्या चित्ररथाचा फक्त अडीच मीटरचा तुकडा दिसतो. त्यात भर म्हणून मी वरचा आरसा तपासणीआधीच एपॉक्सीने पक्का केला होता. तो दोन अंशांनी कलला होता आणि आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, हे वर्गात वर्षानुवर्षे शिकवूनही मी विसरलो; परिणामी आम्हाला चित्ररथाऐवजी माडांचे शेंडे दिसले.

पाणबुडीचा पेरिस्कोप याहून कितीतरी लांब असूनही चालतो, कारण त्याच्या नळीत भिंगांची मालिका असते. वरच्या टोकाची भिंगे रुंद दृश्य आक्रसून नळीत घेतात आणि खालची ते पुन्हा मोठे करून डोळ्यापर्यंत पोचवतात. तेथे आरशांच्या जागी बहुधा काटकोनी लोलक, म्हणजे काचेचे त्रिकोणी ठोकळे, असतात. काचेचा क्रांतिक कोन (ज्याहून अधिक तिरका पडलेला प्रकाश काचेबाहेर न जाता आतच परावर्तित होतो, तो कोन) सुमारे ४२ अंश असल्याने ४५ अंशांवर प्रकाश चांदीच्या मुलाम्याविनाच पूर्ण परावर्तित होतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोके वर न काढता पाहण्यासाठी सैनिकांनी वापरलेले पेरिस्कोप मात्र बरेचसे आपल्यासारखेच, दोन आरशांचे होते.

माझे मत विचाराल तर पाइप सोडून द्यावा; गोल नळीत चौकोनी आरसा बसवताना कडेची जागा वायाच जाते. १५ सेंटिमीटर रुंदीची, ६० सेंटिमीटर उंचीची चौकोनी पुठ्ठ्याची पेटी करावी. दृष्टिक्षेत्र १४ अंशांच्या आसपास मिळेल. आरशाची तिरपी बाजू रुंदीच्या १.४ पट, म्हणजे २१ सेंटिमीटर घ्यावी. आतून काळा, बिनचमकीचा रंग द्यावा. आरसे आधी चिकटपट्टीने लावून व्हरांड्यातून समोरच्या घराच्या कौलांकडे पाहावे आणि कौलांची ओळ आडवी दिसली की मगच गोंद लावावा. ती तिरकी दिसली तर वरचा आरसा खालच्याच्या तुलनेत बाजूला वळला आहे, असे समजावे. अवांतर सांगायचे तर, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात आरशांच्या पाठीवर काळे डाग पडतात, म्हणून कडांना वॉर्निश लावलेले बरे. मुलीला मात्र एक ताकीद द्यावी: आरशातून आलेले ऊनही डोळ्याला तितकेच घातक असते, पेरिस्कोप सूर्याकडे कधीही रोखू नये.