पुण्यात फ्लॅटमध्ये राहून शेल्टरमधला मोठा कुत्रा दत्तक घ्यावा का?

नक्की घ्या. फ्लॅट लहान असला तरी चालतं, रोज दोन वेळा त्याला नीट फिरवणारं माणूस घरात हवं. शेल्टरमध्ये मालकांनी सोडलेले लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डही असतात. सगळे पिल्लंच मागतात, मोठ्यांना कोणी विचारत नाही, याचं फार वाईट वाटतं. खरं तर पाच-सहा वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव आणि आकार आधीच कळलेला असतो.

एका भेटीत ठरवू नका. घरच्या सगळ्यांना घेऊन पुन्हा जा, पट्टा लावून स्वतः फिरवून बघा. उठताना, जिना चढताना मागचे पाय अवघडतात का पाहा, कारण मोठ्या जातींमध्ये खुब्याचं दुखणं बरंच आढळतं. गोचीड तापासाठी रक्ततपासणीही करून घ्या.

घरी आल्यावर सुरुवातीला तो कोपऱ्यात बसेल, कदाचित जेवणारही नाही. तेव्हा पाहुणे बोलावू नका, मुलांना मिठ्या मारू देऊ नका. त्याला वेळ द्या.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना तसंच सांगतात. रेबीजची लस देऊन महापालिकेचा परवाना मात्र काढाच.