अतिघातक आणि औषधांना दाद न देणारा, हे दोन्ही गुण एकाच जिवाणूत येतात कसे?

बहुतेकदा प्लास्मिडमुळे, म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरच्या, एकमेकांना देता येणाऱ्या डीएनएच्या कड्यामुळे.

क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जिवाणू घ्या. याची पूर्वी दोन वेगळी घराणी होती. एक इस्पितळात राहून औषधांना निर्ढावलेलं, पण गाठायचं ते आधीच खंगलेल्या रुग्णाला. दुसरं धडधाकट माणसाच्या यकृतात गळू करणारं, पण अँपिसिलिन सोडलं तर बहुतेक औषधांनी मरणारं. या दुसऱ्याची प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वाढवलेली वसाहत लूपने (तारेच्या छोट्या कडीने) उचलली की पाकाला यावी तशी तार येते. 5 मिलिमीटरहून लांब आली की संशय घ्यायचा. (चाचणी फुकटात होते, पण फसवते. निव्वळ तारेवर विसंबू नका.)

2016 मध्ये चीनमधल्या हांगझोऊत अतिदक्षता विभागातले पाच रुग्ण या जिवाणूने दगावले. जीनोम वाचला तेव्हा कळलं, की कार्बापेनेमला (गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेल्या प्रतिजैविकांना) न जुमानणाऱ्या एसटी 11 वाणानेच (एसटी म्हणजे जनुकांवरून ठरवलेला वाणाचा क्रमांक) सुमारे 1,70,000 बेसजोड्यांचं (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचं) घातक प्लास्मिड उचललं होतं. त्यात एरोबॅक्टिनची जनुकं होती. एरोबॅक्टिन म्हणजे आपल्या शरीरातलं लोह हिसकावून घेणारा रेणू.

उलटंही घडतं: घातक एसटी 23 वाण औषध-प्रतिकाराची जनुकं मिळवतो. भारतात ही जनुकं मुख्यतः एनडीएम आणि ऑक्सा-48 कुळातली, म्हणजे कार्बापेनेम मोडणारी विकरं (एन्झाइम) बनवणारी असतात. मला जास्त धास्ती वाटते ती दोन्ही गुण एकाच कड्यावर शिवलेल्या संकरित प्लास्मिडांची. एका हस्तांतरणात सगळा संसार पलीकडे जातो.